साक्ष आणि निकाल : जुन्या गाडीच्या संगणकाची चौकशी

१/
थ्रेड. गेल्या जुलैतील एक संध्याकाळ. ठाण्याहून आजीचे डायलिसिस आटोपून आम्ही मुंब्रा-शिळफाटामार्गे डोंबिवलीस परतत होतो. बाहेर संततधार. कल्याण-शिळ रस्त्यावर, प्रीमियर कॉलनीच्या आसपास, आमची वीस वर्षांहून जुनी गाडी आधी थरथरली, मग गचके देऊ लागली आणि रस्त्याच्या कडेला येऊन निमूटपणे थांबली. बाबांनी चार वेळा किल्ली फिरवली. आजी मागून म्हणाली, "अरे, राहू दे. तीही दमली असेल." रिक्षा मिळायला पाऊण तास लागला. आठवड्यातून दोनदा हाच प्रवास करायचा असतो, त्यामुळे गाडी बंद पडणे ही आमच्या घरी केवळ गैरसोय नव्हती.

२/
दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पडद्यावर सात दोषसंकेत उमटले. पाच मिनिटांत निकाल लागला : "ईसीएम गेला. बदलावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. किंमत ऐकून बाबा गप्प झाले. गाडीच्या आजच्या मोलाशी त्या आकड्याचा मेळ बसत नव्हता. माझा विषय इतिहास. मोटारींशी माझा संबंध खिडकीशी बसण्यापुरता. पण सात साक्षी ऐकून पाच मिनिटांत दिलेला निकाल मला खटकला. पुढील दहा दिवस मी ही चौकशी जवळून पाहिली, आणि सोबतीने ही पेटी गाडीत मुळात आलीच का, याचा मागही काढला. मित्रहो, हा थ्रेड त्या दोन्ही शोधांचा आहे.

३/
आरंभ पेटी नव्हती त्या काळापासून करू. प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर आणा. तिच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करी. आत जाणाऱ्या हवेच्या ओढीनेच पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाई. ठिणगी कोणत्या क्षणी पडावी हे 'डेल्को' ठरवी. त्यातील पॉइंटची फट कित्येक मिस्त्री करवतीच्या पात्याने मोजत. सकाळी चोक ओढायचा, इंजिन तापले की सोडायचा. सारे काही डोळ्यांना दिसे, बोटांना लागे, कानांना कळे. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून इंजिनाचा आवाज ऐकणे, हीच तेव्हाची 'चाचणी' होती.

४/
आमची गाडी जेथे बंद पडली त्या जागेलाही इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि मग पद्मिनी रस्त्यावर आली. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रस्त्यावर होता. उदारीकरणानंतर, १९९०च्या दशकाच्या मध्यात, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून तेथे 'प्यूजो ३०९' ही गाडी बनू लागली. कामगारांचा संघर्ष आणि भागीदारीतील बेबनाव यांमुळे काही वर्षांतच तो प्रयोग संपला. कारखाना गेला, तरी बसथांब्याने नाव सांभाळून ठेवले. डोंबिवलीत एके काळी मोटारी बनत, हे आज त्या रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

५/
आता मूळ प्रश्न. कानाने चालणाऱ्या या विद्येत संगणक शिरला कशासाठी? वेगासाठी किंवा आरामासाठी, असे आपल्याला वाटते. खरे कारण मात्र हवेत आहे, शब्दशः हवेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके उतरू लागले. १९५०च्या दशकारंभी ॲरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे रहस्य उलगडले : इंधनाच्या अर्धवट जळलेल्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. बोट थेट मोटारीच्या धुराड्याकडे वळले.

६/
इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून फवारण्याचा पहिला व्यापारी प्रयत्न याच दशकातला. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची यंत्रणा बनवली आणि क्रायस्लरच्या १९५८च्या मोजक्या गाड्यांत ती बसली. ती टिकली नाही. कल्पना उत्तम होती, पण त्या वेळचे सुटे भाग, विशेषतः कागदी कपॅसिटर, इंजिनाच्या उष्णतेत आणि दमटपणात तग धरीनात. बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर लावून देण्यात आले. ही गोष्ट लक्षात ठेवा : मोटारीतल्या संगणकाच्या इतिहासाचे पहिलेच पान उष्णता आणि ओल यांनी खराब केलेले आहे. थ्रेडच्या उत्तरार्धात आपण याच पानाकडे परत येणार आहोत.

७/
बेंडिक्सचे हक्क जर्मनीच्या बॉशने घेतले. १९६७ साली 'डी-जेट्रॉनिक' ही यंत्रणा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. तोवर सेमीकंडक्टर पुष्कळ सुधारले होते. मग १९७० साली अमेरिकेने स्वच्छ हवेचा कायदा कडक केला आणि मोटारींच्या धुरातील विषारी घटक सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट कंपन्यांपुढे ठेवले. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा त्यावरचा उपाय. परंतु त्याची एक अट होती. तिन्ही प्रमुख विषारी घटक एकाच वेळी नष्ट करायचे, तर एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण जवळजवळ अचूक राखावे लागते. कान कितीही तयार असला तरी एवढी बारीक मोजणी त्याच्या आवाक्यातली नव्हती.

८/
१९७६च्या सुमारास व्होल्वोने धुराड्यातील प्राणवायू मोजणारा 'लॅम्डा सेन्सर' आणला. १९७७च्या ओल्ड्समोबाइल टोरोनाडोमध्ये ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसर ठरवू लागला. यानंतरची वाट सरळ होती. हवा किती, तापमान किती, पेडल किती दाबले, इंजिन किती फिरते, हे सारे सेन्सर पेटीला सांगतात. पेटी हिशेब करते आणि इंजेक्टर व कॉइल यांना आज्ञा देते. बहुतेक सेन्सरची भाषा एकच : शून्य ते पाच व्होल्ट. थंड इंजिन म्हणजे अमुक व्होल्ट, तापलेले म्हणजे तमुक. या पाच व्होल्टांचा आधार डळमळला, तर पेटीला सगळे जगच वेडेवाकडे दिसते. आमच्या चौकशीची किल्ली येथेच होती.

९/
भारतात ही पेटी न्यायालयाच्या दारातून आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकांमुळे सर्वोच्च न्यायालय दिल्लीच्या हवेत लक्ष घालत होते. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे या कन्व्हर्टरला मारक, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर मिळू लागले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून युरो-१ च्या तोडीचे 'इंडिया २०००' निकष सर्वत्र लागू झाले. इकडे मुंबई उच्च न्यायालयात 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'ने याचिका केली होती. तिच्या ओघात परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जुन्या टॅक्सींचे भवितव्य चर्चेस आले.

१०/
बाजार त्याआधीच वळू लागला होता. १९९८ साली आलेली सँट्रो पहिल्या दिवसापासून मल्टिपॉइंट इंजेक्शनची होती. २०००च्या सुमारास मारुती ८०० नेही कार्बोरेटर सोडला. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले. तारदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला. तिच्याबरोबर निवृत्त झालेल्या कानांविषयी मात्र कोणी फारसे लिहिले नाही.

११/
आमच्या चौकशीचे प्रमुख असेच एक कान. डोंबिवली पूर्वेला त्यांचे एका शटरचे दुकान आहे. सगळे त्यांना 'भाऊ' म्हणतात. वय साठीच्या पुढे. चौदाव्या वर्षी कुर्ल्याच्या टॅक्सी गॅरेजमध्ये पाने पुसायला लागले, पद्मिनीवर हात बसला, मग ऑटो इलेक्ट्रिशियन झाले. त्यांना विचारले, "भाऊ, तुम्ही ईसीएमच्या वाटेला कसे लागलात?" उत्तर एका तारखेत आले : "सव्वीस जुलै."

१२/
२६ जुलै २००५. सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. उल्हास आणि वालधुनी फुगल्या. बदलापूर, अंबरनाथ, कल्याणचे सखल भाग पाण्याखाली गेले. भाऊ सांगतात, पाणी ओसरल्यावर दुकानासमोर रांग लागली. "जुन्या गाड्यांचा डेल्को पुसला, प्लग वाळवले, तेल बदलले की त्या उठत. नव्या उठेनात. पेटी उघडली तर आत चिखल. काय करायचे ते मला ठाऊकच नव्हते, ताई. तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो. त्या वर्षी पुन्हा शाळेत गेलो असे समजा." लॅमिंग्टन रोडवरून मल्टीमीटर आणि सोल्डरिंगचे सामान आणून, निकामी झालेल्या पेट्या उघडून ते शिकले. महापुराच्या इतिहासात बळींची, घरांची, रेल्वेची नोंद आहे. एका पिढीच्या मिस्त्रींना त्या पाण्याने नवी विद्या शिकायला लावली, ही नोंद अशा दुकानांतच सापडते.

१३/
आता स्कॅनरविषयी दोन शब्द. कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाड्यांना स्वतःचे दोष स्वतः नोंदवायला लावले. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत समान सोळा पिनांची जोडणी आणि समान संकेतावली सक्तीची झाली. आपल्याकडे ही व्यवस्था भारत स्टेज ४ बरोबर, म्हणजे २०१० पासून, टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाड्या आपापल्या कंपनीची बोली बोलत. आमची गाडी २००४ ची, एमएच-०५ पाटीची, कल्याण आरटीओत दोनदा नूतनीकरण झालेली. तिची बोली समजणारा स्कॅनर असणे हीच पहिली अडचण.

१४/
ही अडचण केवळ तांत्रिक नव्हती. कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, अशी तक्रार शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकत्रित सुमारे २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण त्या निर्णयाने एक गोष्ट नोंदवून ठेवली : वस्तू विकत घेतली तरी तिच्या दुरुस्तीचे ज्ञान विकणाऱ्याच्याच कुलपात राहू शकते. पद्मिनीचे झाकण उघडले की सारे ज्ञान समोर मांडलेले असे. पेटीचे झाकण उघडूनही ते समोर येत नाही.

१५/
चौकशीचा पहिला दिवस. भाऊंनी सात संकेतांची यादी वाचली आणि विचारले, "ताई, तुमच्या इतिहासात सात माणसे एकदम एकच तक्रार करू लागली, तर तुम्ही काय म्हणता?" मी म्हटले, "सातही जण खोटे बोलताहेत, किंवा सातही जणांना एकाच ठिकाणाहून बातमी मिळाली आहे." "बरोबर. हवेचा सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, पेडलचा सेन्सर एकाच रात्री मरत नाहीत. त्यांचे काहीतरी सामाईक आहे. ते शोधायचे. पेटीला शेवटी हात लावायचा." दोषसंकेत ही साक्ष असते. 'तापमानाच्या सेन्सरचा व्होल्टेज अवाजवी आहे' एवढेच ती सांगते. सेन्सर बिघडला, वायर तुटली, आधार गेला की पेटी चुकीचे वाचते आहे, हे ती सांगत नाही.

१६/
क्रम असा होता. आधी बॅटरी : स्थिर असता १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि स्टार्टर फिरताना दहाच्या फार खाली न जाणारी. ती ठीक निघाली. मग फ्यूज आणि मुख्य रिले. मग पेटीच्या जोडणीपर्यंत बारा व्होल्ट पोहोचतात का. पोहोचत होते. येथपर्यंत पुष्कळ जण येतात आणि थांबतात. वीज आत जाते आहे, तरी पेटी चालत नाही, म्हणजे पेटी मेली. भाऊ म्हणाले, "वीज आत गेली हे पाहिले. बाहेर कुठून पडते ते कोण पाहणार?" बाहेर पडण्याची वाट म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्याला घट्ट बोल्टने जोडलेली वायर. तिच्यावाचून परिपथ पूर्ण होत नाही.

१७/
त्यांनी मीटरचे एक टोक पेटीच्या अर्थच्या वायरला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. बाबांना हेडलाइट लावून स्टार्टर फिरवायला सांगितले. या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ शून्य दिसायला हवे. व्होल्टचा दहावा भाग म्हणजे पुष्कळ झाला. मीटरवर जवळजवळ एक व्होल्ट होता. शून्य ते पाच व्होल्टांत बोलणाऱ्या सेन्सरांच्या पायाखालची जमीनच एक व्होल्टने वर उचलली गेली होती. भार नसताना हीच चाचणी केली असती, तर सारे ठीक दिसले असते. दोष काम करतानाच उघडा पडतो.

१८/
मग डाव्या आसनासमोरचा गालिचा उचलला. खाली ओल. कोपऱ्यातला अर्थचा बोल्ट हिरवट-पांढऱ्या बुरशीसारख्या गंजाने माखलेला. पाणी आले कुठून? वायपरखालच्या पन्हळीचे निचऱ्याचे छिद्र आमच्या सोसायटीतल्या पिंपळाच्या पानांनी बुजले होते. किती पावसाळे पाणी थेंबथेंब आत उतरत होते कोण जाणे. बेंडिक्सच्या त्या पहिल्या पानावरचा डाग सत्तरेक वर्षांनी डोंबिवलीत सापडला. भाऊंनी छिद्र मोकळे केले, बोल्ट घासून चकचकीत केला, नवे टर्मिनल लावले, वर ग्रीस चोपडले. संकेत पुसून गाडी पुन्हा चालवली. सातांपैकी सहा परत आले नाहीत.

१९/
सातवा मात्र परतला : पहिल्या कॉइलचा परिपथ. गाडी सुरू झाली, पण मिसिंग मारत होती. चार सिलिंडरांपैकी दोनच काम करत होते, कारण या रचनेत एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते. अशा वेळी दोन्ही कॉइलची अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत सोपी युक्ती. मी तसे सुचवलेही. भाऊंनी हात आडवा धरला. "आधी मोजू. कॉइल आतून शॉर्ट असेल, तर चांगल्या बाजूला लावताच ती बाजूही जळेल." मीटरवर पहिल्या कॉइलचा रोध दुसरीच्या निम्म्याहूनही कमी निघाला. रोध कमी म्हणजे प्रवाह जास्त. आणि तो प्रवाह पेटीतल्या एका लहानशा ट्रान्झिस्टरमधून जातो.

२०/
पेटीपासून कॉइलपर्यंतची वायर अखंड असल्याची खात्री केली. मग चाचणीचा दिवा लावला. दुसऱ्या कॉइलच्या आज्ञेच्या वायरीवर स्टार्टर फिरताच तो लुकलुकला. पहिल्याच्या वायरीवर ढिम्म. आता, आणि आताच, पेटी उघडली. त्या एका ट्रान्झिस्टरभोवतीचा बोर्ड काळवंडला होता. म्हणजे पहिल्या गॅरेजचा निकाल खरा होता? पेटी बिघडली होती हे खरे. पण ती आरोपी नव्हती, बळी होती. जुनी कॉइल तशीच ठेवून नवी पेटी बसवली असती, तर थोड्याच दिवसांत तीही जळाली असती. आणि गंजलेल्या अर्थमुळे उरलेल्या सहा साक्षी तशाच ओरडत राहिल्या असत्या. योग्य निकालही चुकीच्या वाटेने आला, तर त्याचा उपयोग होत नाही.

२१/
बदलीच्या पेटीसाठी बाबा आणि मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग तेथे दुकानादुकानांत रचलेले असतात. हुबेहूब तशीच पेटी पहिल्याच दुकानात मिळाली. फोटो पाठवला, भाऊंचा लगेच फोन : "नंबरचा शेवटचा भाग वाचा." वेगळा होता. बाहेरून एकसारखी दिसणारी पेटी वेगळ्या प्रदूषण निकषासाठी किंवा वेगळ्या इंजिनासाठी असू शकते. पोथीच्या दोन प्रतींचे मुखपृष्ठ सारखे म्हणून पाठ सारखा नसतो, हे मला वर्गात शिकवले होते. येथे ते हातात आले. जुळणारा क्रमांक पाचव्या दुकानात सापडला.

२२/
एक कुलूप अजून उरले होते. चोरी रोखण्यासाठी किल्लीत एक चिप असते आणि पेटी तिची ओळख पटवते. अनोळखी किल्लीला इंजिन सुरू होऊ देत नाही. ही ओळख पेटीतल्या आठ पायांच्या इवल्याशा स्मृती-चिपमध्ये साठवलेली असते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हे काम करणाऱ्या एका कारागिराने गाडीची कागदपत्रे पाहून घेतली, मगच जुन्या पेटीतली माहिती वाचून नव्या पेटीच्या चिपमध्ये उतरवली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तेव्हाच्या आरंभीच्या वसाहतींपैकी ही एक. तिच्या एका गाळ्यात आमच्या गाडीची वीस वर्षांची ओळख एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर नकलली जाताना मी पाहिली.

२३/
बसवण्याचा क्रमही सांगते, कारण तो महत्त्वाचा. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. नवी कॉइल लावली. मग पेटी. पिना वाकलेल्या नाहीत ना, हे भिंगाने पाहिले. पेटीखाली रबराची गादी घातली आणि वायरींना खाली झोका दिला, म्हणजे पाणी आलेच तर जोडणीत न शिरता खाली गळेल. बॅटरी जोडून किल्ली फिरवली. चेक इंजिनचा दिवा लागला, इंजिन सुरू झाले, दिवा विझला. पहिली काही मिनिटे ते वरखाली होत होते. नव्या पेटीला या जुन्या इंजिनाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. भाऊंनी डोळे मिटले आणि बॉनेटवर तळवा ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता चारही बोलताहेत." स्कॅनर त्यांनी त्यानंतर लावला.

२४/
या शुक्रवारी आजी त्याच गाडीने ठाण्याला जाऊन आली. पण मला राहून राहून एक गोष्ट वाटते. हवेच्या निकषांची राजपत्रे अभिलेखागारात मिळतील. न्यायालयाचे निकाल मिळतील. कंपन्यांचे अहवालही मिळतील. कार्बोरेटरवरून पेटीकडे वळताना कुर्ला, कल्याण, डोंबिवलीच्या गल्ल्यांतील माणसांनी काय शिकले, कसे शिकले, काय जाळून शिकले, याचा कागद कोठेही नाही. भाऊंच्या दुकानात एक जाड वही आहे. तिच्यात त्यांनी उघडलेल्या प्रत्येक पेटीचा क्रमांक, दोष आणि मूळ कारण लिहिले आहे, २००५ पासून. मुलगा आयटीत आहे. दुकान पुढे चालणार नाही, हे त्यांनी सहज सांगितले.

२५/
मी त्यांची परवानगी घेऊन त्या वहीची छायाचित्रे काढायला सुरुवात केली आहे. दर रविवारी वीस पाने. आमच्या गाडीच्या ओळीत 'दोष' या रकान्यात 'ईसीएम' असे लिहिले आहे आणि 'कारण' या रकान्यात 'कॉइल शॉर्ट, अर्थ गंज, पिंपळाची पाने'. तुमच्या ओळखीत अशी वही, असे दुकान, असे कान असतील, तर या रविवारी जाऊन बसा. चहा ते पाजतील. तुम्ही फक्त विचारा आणि लिहून घ्या.

थ्रेड समाप्त.
#इतिहास #मौखिकइतिहास #डोंबिवली #कल्याण #ठाणे